धावपट्टी नको म्हणणारे विमान

तोरणमाळच्या पठाराची दक्षिणेकडची कड ही खानदेशातली उत्तम निरीक्षण चौकी आहे. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ११४३ मीटर, आणि खाली हजारेक मीटरवर शहाद्याच्या बाजूचा काळ्या मातीचा सपाट पट्टा. एवढ्या उंचीवरून भूमितीच्या हिशेबाने क्षितिज ११० किलोमीटरच्या पुढे जाते. हवा स्वच्छ असेल, तर तापीपलीकडचा मुलूखही नजरेच्या कक्षेत येतो. आता त्याच पठारावर पाठ फिरवून उत्तरेला, नर्मदेच्या दिशेने पाहा. डोंगरामागे डोंगर. पहिल्या धारेच्या मागे दोन-तीन किलोमीटरवर जी दरी आहे, तिच्यात पाडा आहे, गुरे आहेत की नुसते रान, हे इतक्या उंचीवर उभे राहूनही कळत नाही. शंभर किलोमीटरवरचे क्षितिज दिसते आणि शेजारची दरी दिसत नाही.

तोफखान्याची अडचण नेमकी हीच असते, आणि तिथे ती जीवावरची असते. तोफ चालवणाऱ्याला आपले लक्ष्य दिसत नाही. गोळा कुठे पडला हे कुणीतरी पुढे राहून पाहतो आणि 'दोनशे मीटर उजवीकडे, शंभर मीटर पुढे' अशी दुरुस्ती मागे कळवतो. नाशिकजवळच्या देवळालीच्या तोफखाना शाळेत अधिकाऱ्यांच्या कितीतरी तुकड्या हे निरीक्षणाचे शास्त्र शिकून गेल्या. डोंगराआड पाहायचे तर वर जायला हवे, म्हणून तोफखान्याने आपलेच अधिकारी छोट्या विमानांत बसवले. ऑस्टर आणि नंतर हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले 'कृषक' ही अशीच हलकी, संथ विमाने. या कामाला लष्करात 'एअर ओपी', म्हणजे हवाई निरीक्षण चौकी, म्हणत. खांद्यावरून डागता येणारी क्षेपणास्त्रे आली, तेव्हा संथ आणि निःशस्त्र विमानात बसून शत्रूच्या डोक्यावर घिरट्या घालणे अशक्य होत गेले. त्याच सुमारास, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, बोफोर्स तोफा आल्या आणि मारा २४ किलोमीटर व त्याच्याही पुढे गेला. तोफेचा हात लांबला, डोळा मात्र होता तिथेच राहिला.

माणूस न बसवता फक्त डोळा वर पाठवायचा, ही कल्पना तोवर जुनी झाली होती. अमेरिकी सेनेने १९५०च्या दशकात 'एसडी-१' नावाचे टेहळणी विमान वापरात आणले होते. मुळात ते तोफचींच्या नेमबाजीच्या सरावासाठी बनवलेले लक्ष्य-विमान. त्यात फिल्मचा कॅमेरा बसवला, जमिनीवरून रॉकेटच्या जोरावर ते हवेत फेकले आणि काम झाल्यावर पॅराशूटने उतरवले. अडचण एवढीच, की विमान परत येऊन फिल्म धुतल्याशिवाय काहीच कळत नसे, आणि तोवर शत्रूची तुकडी हललेली असे. इस्रायलच्या 'मॅस्टिफ' आणि 'स्काउट' या विमानांनी कॅमेऱ्याचे चित्र उडतानाच खाली पाठवायला सुरुवात केली. जून १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात सीरियाचे क्षेपणास्त्रतळ शोधून नष्ट केले गेले, त्यात या विमानांचा मोठा वाटा होता. जगभरच्या सेनांनी त्याची नोंद घेतली.

भारतातला निर्णय १९८८ चा. बंगळूरच्या वैमानिकी विकास आस्थापनेने, म्हणजे 'एडीई'ने, आधी 'कपोतक' नावाच्या प्रायोगिक विमानावर हात बसवला होता. १९९० मध्ये सेनेने आपल्या गरजा लेखी दिल्या आणि १९९५ मध्ये 'निशांत' पहिल्यांदा उडाला. वजन ३८० किलो, लांबी ४.६३ मीटर, पंखांचा पसारा ६.५७ मीटर, सोबत ४५ किलोपर्यंतची उपकरणे, आणि एका उड्डाणात साडेचार तास. नाव बंगळूरचे असले तरी त्याच्या उड्डाणाची दोन महत्त्वाची कामे महाराष्ट्रात झाली: पुण्याजवळच्या दिघीत आणि अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला. हा लेख लिहावासा वाटला तो त्यामुळे.

निशांतच्या चाचण्या कर्नाटकात कोलारजवळ आणि राजस्थानात झाल्या. तरी त्याची रचना समजून घ्यायला मी मनाने त्याला तोरणमाळला नेणार आहे. सेनेने जी मूळ अट घातली होती तिचा अर्थ अशा जागी उभे राहिल्यावर लगेच कळतो. अट होती धावपट्टी नको. तोफा जिथे जातात तिथे हे विमान गेले पाहिजे, आणि तोफा विमानतळ शोधत बसत नाहीत. या एका अटीतून निशांतचे जवळजवळ सगळे अवयव ठरत गेले, आणि त्याचे दुखणेही तिथूनच आले.

चाके नसलेले विमान हवेत कसे जाणार? ते फेकावे लागते. त्यासाठी जो प्रक्षेपक बनला, तो उभा करण्यात दिघीच्या 'आर अँड डी ई (इंजिनिअर्स)' या संरक्षण संशोधन संस्थेचा हात होता. लष्करी पूल, चिखलात रस्ता अंथरणारी यंत्रे अशा अवजड कामांत मुरलेली ही संस्था. प्रक्षेपक टाट्रा ट्रकवर बसवलेला. सगळा मिळून सुमारे १४ टन. तोरणमाळला जायचे तर हा ट्रक सातपायरी घाटाची वळणे चढून पठारावर येईल आणि यशवंत तलावाच्या आसपासच्या एखाद्या मोकळ्या जागी, तोंड वाऱ्याकडे करून उभा राहील. वाऱ्याकडे अशासाठी, की पंखाला हवेच्या तुलनेतला वेग हवा असतो. समोरून येणारा वारा त्यातला काही वाटा फुकट देतो.

प्रक्षेपकाचे तत्त्व सोपे आहे. एका टाकीत वायू प्रचंड दाबाखाली भरून ठेवायचा. तो वायू तेलाला ढकलतो, तेल सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते, आणि दट्ट्याची ओढ पोलादी दोरांमार्फत रुळावरच्या गाड्याला मिळते. गाड्यावर विमान बसलेले असते. रूळ वर तोंड करून तिरका ठेवलेला. टोकाला गाडा थांबतो आणि विमान पुढे निघून जाते. वायूच का, तर दाबलेला वायू स्प्रिंगसारखा ऊर्जा साठवतो आणि क्षणात सोडतो. तेल का, तर ते दाबले जात नाही, त्यामुळे ही सुटलेली ऊर्जा हवी तशी, हव्या त्या वेगाने वळवता येते. नुसत्या वायूवर काम सोपवले, तर सुरुवातीला एकच जबर हिसका बसेल आणि नंतर जोर ओसरेल.

सुटताना वेग असतो सेकंदाला ४५ मीटर, म्हणजे ताशी १६२ किलोमीटर. ३८० किलो वजनाला या वेगावर आणायला जवळपास ३८५ किलोज्यूल ऊर्जा लागते. एक टन वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटरने धावते तेव्हा तिच्यात असते तेवढी. आता समजा, वेग घ्यायला रुळावर दहा मीटर मिळाले. मग हे सगळे अर्ध्या सेकंदाच्या आत उरकायचे आहे आणि विमानावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दहापट ओढ बसणार आहे. ४५ किलोचे उपकरण त्या क्षणी साडेचारशे किलोचे होऊन आपल्या बोल्टांवर भार टाकते. टाकीतले इंधन मागे उसळते, तारांचे जोड ताणले जातात. धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानाच्या सांगाड्याला जे कधी सोसावे लागत नाही, ते निशांतला प्रत्येक उड्डाणाला सोसावे लागे. प्रक्षेपक मात्र दणकट निघाला. दुरुस्तीसाठी उघडण्याआधी हजार उड्डाणे, अशी त्याची क्षमता सांगितली जाते.

तोरणमाळला यात आणखी एक गोष्ट येते. ११४३ मीटरवर हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते. पंखाची उचल हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून तेवढीच उचल हवी असेल, तर वेग साडेपाच टक्क्यांनी वाढवावा लागतो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गात जाते म्हणून ती सुमारे १२ टक्के जास्त लागते. मे महिन्याच्या दुपारी, हवा तापून आणखी पातळ झालेली असताना, हा आकडा वाढतो. हे १२ टक्के लक्षात ठेवू. पुढे ते पुन्हा लागतील.

विमानाचा आकारही असाच कारणांनी ठरलेला. निशांतला शेपूट एका दांड्यावर नाही. पंखांपासून दोन समांतर दांडे मागे जातात आणि त्यांच्या टोकांना शेपटीचे पंख बसतात. मधल्या मोकळ्या जागेत, धडाच्या मागच्या टोकाला, पंखा फिरतो आणि विमानाला मागून ढकलतो. पंखा पुढे ठेवला असता तर त्याची पाती आणि धूर कॅमेऱ्याच्या नजरेत आले असते. मागे ठेवल्यामुळे नाकापासून पोटापर्यंतचा भाग डोळ्यासाठी मोकळा राहतो, वजनदार इंजिन मागे आणि उपकरणे पुढे असा तोलही साधतो. शिवाय फिरती पाती दोन दांड्यांच्या मध्ये सुरक्षित राहतात. अंग बरेचसे संमिश्र पदार्थांचे, म्हणजे तंतू आणि राळ यांच्या थरांचे. ते हलके तर असतेच, आणि धातूच्या अंगापेक्षा रडारला कमी दिसते.

आता इंजिन, आणि अहमदनगर. शहराजवळच्या वाहननगरात 'व्हीआरडीई' ही लष्करी वाहनांची संशोधन संस्था आहे. रणगाडे आणि ट्रक यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचा विमानाशी संबंध काय, असे कुणालाही वाटेल. निशांत सुरुवातीला परदेशी इंजिनावर उडत होता. अशी इंजिने विकणारा देश हवे तेव्हा हात आखडता घेऊ शकतो, म्हणून देशी इंजिन करायचे ठरले. बंगळूरची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा (एनएएल), व्हीआरडीई आणि एडीई यांनी काम वाटून घेतले. इंजिनाचा गाभा एनएएलने घडवला, प्रज्वलन आणि इंधनपुरवठ्याच्या यंत्रणा व्हीआरडीईने, आणि उड्डाणाची बाजू एडीईने सांभाळली.

इंजिन निवडले होते वांकेल जातीचे. जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेचे पहिले इंजिन १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत चालले. पुढे जपानच्या माझदाने ते मोटारींत वापरून नावारूपाला आणले. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो आणि दांडा व भुजेच्या मदतीने त्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करावे लागते. वांकेलमध्ये दट्ट्याच नाही. मधोमध किंचित आवळलेल्या, इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याची तिन्ही टोके पोकळीच्या भिंतीला सतत चिकटलेली असतात, त्यामुळे त्रिकोण आणि भिंत यांच्यात तीन कप्पे तयार होतात. त्रिकोण फिरेल तसा प्रत्येक कप्पा मोठा-लहान होत जातो. मोठा होताना हवा आणि इंधन आत ओढतो, लहान होताना ते दाबतो. मग ठिणगी पडते, जळलेला वायू त्रिकोणाला ढकलतो, आणि शेवटी धूर बाहेर जातो. त्रिकोणाच्या एका फेरीत तीन स्फोट होतात. त्या एका फेरीत मधला दांडा तीन वेळा फिरतो, म्हणजे दांड्याच्या प्रत्येक फेरीला एक ढकला. एका सिलिंडरच्या चौटप्पी इंजिनात असा ढकला दोन फेऱ्यांतून एकदाच मिळतो.

याचे दोन फायदे टेहळणी विमानाला हवे होते. झडपा आणि त्या उघडझाप करणारी साखळी नसल्याने इंजिन फार हलके होते: सुमारे ३० किलोत ५५ अश्वशक्ती. आणि मागेपुढे आपटणारे वजन नसल्याने थरथर कमी. थरथर कमी म्हणजे कॅमेऱ्याचे चित्र स्थिर. दोष आहेतच. कप्प्याचा आकार लांबट आणि चपटा असल्याने इंधन नीट जळत नाही, म्हणून ते जास्त लागते. ठिणगी नेहमी पोकळीच्या एकाच बाजूला पडते, ती बाजू सतत तापलेली आणि समोरची त्या मानाने थंड. त्यामुळे घडण वेडीवाकडी ताणली जाते. सगळ्यात अवघड जागा त्रिकोणाच्या टोकांवर असते. तिथल्या बारीक पट्ट्या मिनिटाला हजारो वेळा भिंत घासत जातात. भिंत झिजली की दाब कप्प्यातून कप्प्यात गळतो आणि ताकद संपते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची भिंत हे घासणे सोसू शकत नाही, म्हणून एनएएलने तिच्यावर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा एकत्रित लेप बसवला. निकेल धरून ठेवतो आणि त्यात रुतलेले सिलिकॉन कार्बाइडचे अतिकठीण कण झीज रोखतात. एका लेपावर सगळे इंजिन उभे होते असे म्हटले तरी चालेल.

२००९ मध्ये एका रविवारी कोलारजवळून निशांत हे इंजिन घेऊन उडाला. १.८ किलोमीटर उंचीवर गेला, ३५ मिनिटे तिथे फिरला आणि एकूण ४० मिनिटांनी एका कोरड्या तलावात ठरल्या जागी उतरला. भारतात आरेखून बनवलेल्या वांकेल इंजिनाचे हे पहिले उड्डाण. त्या चाळीस मिनिटांत इंधन आणि ठिणगी यांची जबाबदारी वाहणारी यंत्रणा नगरची होती. आपल्याकडे याची चर्चा फारशी झाली नाही, याचे मला वाईट वाटते.

डोळा म्हणजे पोटाखाली बसवलेला गोल फिरता घुमट. आत दिवसाचा कॅमेरा, रात्रीसाठी उष्णता टिपणारा कॅमेरा आणि लेसर. कामानुसार त्यांची जोडणी बदलता येई. चित्र मोठे करून पाहायचे तर भिंगाचा कोन अरुंद करावा लागतो. कोन दोन अंशांचा असेल तर एक किलोमीटर वरून जमिनीचा ३५ मीटरचा पट्टा दिसतो. अशा वेळी विमान वाऱ्याने अर्धा अंश जरी हलले, तरी दोन किलोमीटरवरच्या जागेवर नजर १७ मीटर घसरते आणि चित्राच्या मधला ट्रक कडेकडे सरकतो. म्हणून घुमटातले कॅमेरे विमानाला घट्ट बांधलेले नसतात. गायरोस्कोप विमानाचे हलणे मोजतात आणि मोटारी कॅमेऱ्याला तेवढेच उलट फिरवतात. विमान डुलते, नजर डुलत नाही.

लेसरचे काम अंतर मोजण्याचे. विमान कुठे आहे हे माहीत आहे, कॅमेरा कोणत्या दिशेला किती कोनात वळला आहे हे माहीत आहे, आणि लेसरने अंतर दिले, की लक्ष्याची जागा नकाशावर बिंदू म्हणून मिळते. कोनात एक दशांश अंशाची चूक झाली, तर चार किलोमीटरवर सात मीटरची चूक होते. तोफेसाठी हे चालण्यासारखे आहे. तोरणमाळला ही सारी किमया पावसाळ्यात मात्र लंगडी पडेल. आषाढ-श्रावणात पठारावर ढग उतरतात, आणि ढगातून ना साधा कॅमेरा पाहतो ना उष्णतेचा.

चित्र खाली यायला आणि आज्ञा वर जायला रेडिओ लागतो. या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. विमान आणि अँटेना यांच्यात सरळ रेषा मोकळी हवी. निशांतचा पल्ला १६० किलोमीटर सांगितला जातो. पृथ्वी गोल असल्याने सपाट मुलखातही एवढ्या अंतरावर संपर्क ठेवायचा, तर विमान अँटेनापेक्षा दीडेक हजार मीटर उंच असावेच लागते. डोंगरात गणित आणखी कठोर होते. अँटेना दरीत उभी केली आणि पाच किलोमीटरवर दोनशे मीटर उंच धार आडवी आली, तर त्या दिशेला पन्नास किलोमीटर गेलेले विमान दोन हजार मीटरच्या वर राहिले तरच बोलणार. तीच अँटेना पठाराच्या कडेला नेली की प्रश्न मिटतो. पण कडेला उभा असलेला ट्रक शत्रूलाही दिसतो. निशांतच्या ताफ्यात अँटेनाचे वाहन वेगळे आणि नियंत्रण कक्षाचे वाहन वेगळे होते, त्याचे शहाणपण इथे कळते. अँटेना उंचावर, माणसे आडोशाला. याखेरीज विमान वाहून नेणारे, दुरुस्तीचे, विजेचे अशी वाहने. धावपट्टी वाचवली, तिची जागा ट्रकांच्या रांगेने घेतली.

चार-साडेचार तासांनी विमान परत येते आणि मग सगळ्यात कठीण क्षण येतो. उतरायला चाके नाहीत. ठरल्या जागेवर इंजिन बंद होते, पॅराशूट उघडते आणि पोटाखाली हवेच्या पिशव्या फुगतात. आग्र्याची 'एडीआरडीई' ही पॅराशूटवाली संस्था यात होती. समजा उतरण्याचा वेग सेकंदाला सहा मीटर. म्हणजे साडेतीनशे किलोचे, नाजूक उपकरणांनी भरलेले यंत्र सुमारे १.८ मीटरवरून सोडून दिल्यासारखा दणका. तो पिशव्यांनी झेलायचा. सपाट, मऊ जमीन असेल तर झेलतात. दगडावर आपटले, बांधावर कलंडले, की पंख किंवा दांडा गेला. तोरणमाळच्या विरळ हवेत पॅराशूटही थोडे जास्त वेगाने येते, आणि दणक्याची ऊर्जा सुमारे १२ टक्के वाढते. वर जाताना उंचीने जे मागितले, ते उतरताना ती पुन्हा मागते.

आणि वारा. पॅराशूट तीनशे मीटरवर उघडले तर खाली यायला पन्नास सेकंद लागतात. ताशी १८ किलोमीटरचा साधा वारासुद्धा तेवढ्यात विमानाला अडीचशे मीटर बाजूला नेतो. पठारावर अडीचशे मीटर म्हणजे कुठे तलाव, कुठे झाडी, आणि सीताखाईच्या बाजूला तर थेट खोल दरी. कोलारचा कोरडा तलाव आणि राजस्थानचे वाळवंट या चाचणीच्या जागा म्हणून का योग्य ठरतात, हे यावरून स्पष्ट होते. उडायला कुठलीही जागा चालणाऱ्या या विमानाला उतरायला मात्र निवडक जागा लागत होती. माझ्या मते रचनेतली खरी कमजोरी हीच होती. प्रत्येक मोहिमेच्या शेवटी यंत्राला एक दणका ठरलेला, आणि पुढच्या मोहिमेच्या सुरुवातीला दहापट ओढीचा हिसका.

सेनेने १२ निशांतची मागणी नोंदवली होती. चार मिळाले. चारही अपघातांत गेले. शेवटचा नोव्हेंबर २०१५ मध्ये जैसलमेर भागात कोसळला, आणि सेनेने पुढची विमाने घेतली नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये चाके लावलेली आवृत्ती 'पंछी' उडवून झाली होती. म्हणजे विकसकांनीही धावपट्टी पुन्हा स्वीकारून पाहिली होती.

उंचीची मर्यादा हे निशांत मागे पडण्याचे दुसरे कारण मला तितकेच मोठे वाटते. निशांतची कमाल उंची ३६०० मीटर. तिथे हवा किनाऱ्याच्या सत्तर टक्के उरते, साधे इंजिन त्याच प्रमाणात दुबळे होते, आणि पंखांना उलट जास्त वेग हवा असतो. सातपुड्याला हे पुरून उरले असते. पण मधल्या काळात देशाची गरज हिमालयात सरकली होती. २१ मे १९९९ रोजी कारगिल भागात टेहळणी करणाऱ्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानाला खांद्यावरून डागलेले क्षेपणास्त्र लागले. वैमानिकाने एका इंजिनावर ते श्रीनगरला उतरवले. माणूस न बसवता पाहण्याची गरज याहून स्पष्ट कशी व्हावी? पण टायगर हिल ५०६२ मीटर उंच आहे. १९९० मध्ये लिहून दिलेल्या गरजांतून घडलेले विमान त्या शिखराच्या माथ्याखालीच राहिले असते.

धावपट्टी नको ही अट मात्र मेली नाही. दिघीच्या त्याच संस्थेने मुंबईच्या आयआयटीतून निघालेल्या 'आयडियाफोर्ज' या तरुण कंपनीबरोबर 'नेत्र' बनवले. चार पंख्यांचे, दीड किलोचे, मीटरभर मोकळ्या जागेतून सरळ वर जाणारे. जून २०१३ च्या उत्तराखंडच्या पुरात अडकलेल्या माणसांना शोधायला ते वापरले गेले. त्याला प्रक्षेपक लागत नाही आणि पॅराशूटचा दणकाही बसत नाही. किंमत वेळेत मोजावी लागते. पंख असलेले विमान पुढे जाता जाता हवेवर तरंगते. चार पंख्यांचे यंत्र स्वतःचे सगळे वजन क्षणोक्षणी बॅटरीच्या जोरावर उचलून धरते, म्हणून अर्ध्या तासात ते रिकामे होते.

जानेवारी २०२१ मध्ये सेनेने त्याच कंपनीचे 'स्विच' घेण्याचा सुमारे १४० कोटी रुपयांचा करार केला. ते पंख्यांवर सरळ उठते आणि वर गेल्यावर पंखांवर उडू लागते. वजन साडेसहा किलोच्या आसपास, हवेत दोन तास, आणि ४००० मीटर उंचीच्या जागेवरूनही उड्डाण. प्रक्षेपक आणि पॅराशूट या दोन्हींतून त्याची सुटका झाली. पल्ला मात्र १५ किलोमीटरचा, म्हणजे बोफोर्सच्या माऱ्यापेक्षा कमी. ४५ किलोची उपकरणे घेऊन, धावपट्टीविना उठून, तोफेच्याही पलीकडे तासन्‌तास पाहणारे आणि सुखरूप उतरणारे यंत्र हवे असेल, तर वजन आणि उतरण्याचा दणका यांचे गणित नव्याने मांडावे लागेल.